मूल वाचतं तेव्हा नेमकं काय होतं, आणि त्यात घराचा वाटा किती

दुसरीतल्या मुलाला मराठीचं पुस्तक उघडून द्या आणि धडा वाचायला सांगा. बरीच मुलं सुरात, कुठेही न अडखळता पान संपवतात. मग त्याच पानावर मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, "हा कोणता?" काही मुलं पटकन सांगतात. काही मुलं मात्र आधी ओळीच्या सुरुवातीला जातात, ओठातल्या ओठात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येतात आणि मग उत्तर देतात. या मुलांना धडा पाठ आहे, वाचता येत नाही. घरच्यांना हे कित्येक महिने कळत नाही, कारण ऐकायला अगदी वाचल्यासारखंच येतं.

'प्रथम' ही संस्था 2005 पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यात कार्यकर्ते गावोगावी घरी जाऊन मुलाच्या हातात त्याने कधीच न पाहिलेला कागद देतात. त्यावर सुटी अक्षरं, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. पाठांतराला तिथे वावच नाही. 2022 साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण 20 टक्क्यांनाच ती दुसरीची गोष्ट वाचता आली. 2024 मध्ये हा आकडा 27 टक्क्यांच्या आसपास गेला. सुधारणा आहेच, पण चारातली जवळपास तीन मुलं अजून बाहेर आहेत. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं म्हणून केंद्र सरकारने 2021 मध्ये 'निपुण भारत' सुरू केलं आणि त्याला 2026-27 ची मुदत घातली. शाळा, शिक्षक, प्रशिक्षणं यांवर या निमित्ताने भरपूर बोललं जातं. घराने काय करायचं, यावर मात्र "पालकांनी लक्ष द्यावं" याच्या पुढे फारसं कोणी जात नाही. लक्ष द्यावं म्हणजे काय करावं?

वाचन म्हणजे गुणाकार

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं. वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: लिहिलेल्या खुणांवरून शब्द उच्चारता येणं, आणि तो शब्द, ते वाक्य कानाने ऐकलं असतं तर समजलं असतं का, ही भाषेची समज. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर दुसरं कितीही मोठं असो, उत्तर शून्यच.

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत शनिवार-रविवारी येणाऱ्या अनेक मुलांना आजीचं मराठी बोलणं छान कळतं, पण देवनागरी वाचता येत नाही. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या पहिली-दुसरीत उलटा प्रकार दिसतो. मूल इंग्रजीचं पान घडाघडा म्हणतं, स्पेलिंग बरोबर सांगतं आणि गोष्टीत काय झालं विचारलं की गप्प बसतं. दोघांचंही उत्तर शून्याजवळचंच.

या दोन भागांपैकी पहिला, म्हणजे अक्षरांचा, मुख्यतः शाळेने करायचा आहे. दुसरा, म्हणजे भाषेचा, शाळा एकटी करूच शकत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाच्या वाट्याला बोलायला दिवसाला किती मिनिटं येतात, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. माझं म्हणणं असं की घरी आपण बहुतेक वेळ पहिल्या भागावर घालवतो. पाच वेळा लिही, शुद्धलेखन काढ, पाढे म्हण. आणि जो भाग फक्त घरातच नीट होऊ शकतो तो सोडून देतो.

अक्षरांचा भाग वाटतो तितका सोपा नाही

मराठी जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण अभिमानाने सांगतो. शिकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला विचारा.

'सरबत' हा शब्द घ्या. मूल शिकल्याप्रमाणे स, र, ब, त असं एकेक अक्षर पूर्ण उच्चारतं. बोलताना मात्र आपण 'सर्‌बत्' म्हणतो. र मधला आणि त मधला 'अ' गळतो. कुठे गाळायचा आणि कुठे ठेवायचा, हे पानावर लिहिलेलं नसतं. ज्याने 'सरबत' शब्द कानाने पुष्कळदा ऐकला आहे तो अर्ध्यावरच ओळखतो, "हां, सरबत!" ज्याने ऐकलेला नाही तो चार सुटी अक्षरं म्हणून थांबतो. म्हणजे अक्षरांच्या भागालासुद्धा शेवटी घरच्या भाषेचाच आधार लागतो.

पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. 'चार' मधला च वेगळा आणि गुरांच्या 'चारा' मधला वेगळा, लिहायला मात्र एकच. र तर बहुरूपीच. सूर्य मध्ये डोक्यावर, क्रम मध्ये पायाशी, राष्ट्र मध्ये ट च्या खाली टोपीसारखा, आणि दऱ्या मध्ये आणखी निराळा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, हे एवढ्याशा खुणेवरून ओळखायचं. त्यात घ-ध, भ-म, ब-व ही जोडपी. 34 व्यंजनं आणि बाराखडी एवढंच धरलं तरी चारशेच्या वर चिन्हं होतात, जोडाक्षरं वेगळीच. कन्नडमध्येही अशीच अक्षरव्यवस्था आहे. तिथल्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की अक्षरं शिकण्याचं काम पहिलीत संपत नाही, ते चौथीपर्यंत चालूच राहतं. त्यामुळे दुसरीतलं मूल 'ज्ञ' किंवा 'क्ष' पाशी अडलं तर ते मंद नाही, ते वाटेवर आहे.

घरी अक्षरं घ्यायचीच असतील तर क, ख, ग, घ, ङ या क्रमाने घेऊ नका. पहिली पाच अक्षरं येऊनही मुलाला एक धड शब्द लिहिता येत नाही, आणि ङ तर त्याला वर्षभर भेटणारही नाही. त्याऐवजी म, क, ल, र आणि काना एवढंच घ्या. मामा, काका, काम, मला, लाल, माल, कर, कार. दोन दिवसांत मूल "मला काम कर" असलं काहीतरी वाक्य जुळवतं आणि स्वतःच हसतं. गटागटाने अक्षरं शिकवण्याच्या या पद्धतीवर फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अनेक वर्षं काम केलं. आज महाराष्ट्रात बऱ्याच शाळा या वाटेने जातात. तुमच्या मुलाची शाळा जात असेल तर घरी पुन्हा जुन्या वर्णमालेचा तक्ता लावून गोंधळ वाढवू नका. आधी बाईंना विचारा, सध्या कोणती अक्षरं चालू आहेत.

अक्षरं आली की पुढचा टप्पा ओघाचा. निपुण भारतमध्ये तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. वेगाचा आग्रह कशाला, असं वाटू शकतं. कारण असं, की आपल्या डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. एकेक शब्द लावायला चार-चार सेकंद लागले तर वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. सगळी शक्ती अक्षरं लावण्यात गेली की अर्थासाठी काही उरत नाही. पण म्हणून घरी मोबाइलवर सेकंद मोजायला बसू नका. ओघ घाईने येत नाही. तेच पान, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचल्याने येतो. मूल आठव्यांदा तेच पुस्तक मागत असेल तर आनंदाने द्या. तो हट्ट आपल्या कामाचा आहे. फक्त शब्दाखालून बोट फिरू द्या, म्हणजे डोळे पानावर राहतात आणि गाडी पाठांतराकडे वळत नाही.

घराचा भाग: बोलणं

1988 मध्ये अमेरिकेत शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन त्यांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल माहीत असलेली मुलं वाचनात पक्क्या, पण खेळाची गंधवार्ता नसलेल्या मुलांपेक्षा जास्त समजून घेऊ शकली. आपण हेच क्रिकेटच्या बातमीवर करून बघू शकतो. विषय ओळखीचा असला की मूल अडलेला शब्द स्वतः उलगडतं.

मग ओळख कुठून येते? मंडईत शेपू आणि चाकवत यांतला फरक दाखवण्यातून. तिफण कशी चालते ते बांधावर उभं राहून बघण्यातून. चाळण, झारा, उकड, आधण, विरजण हे शब्द स्वयंपाकघरात कानावर पडण्यातून. "ते दे" ऐवजी "फडताळातल्या वरच्या फळीवरची चाळण दे" म्हटलं की एका वाक्यात तीन शब्द दिले जातात. आजीची राक्षसाची गोष्ट, आजोबांनी सांगितलेली 1972 च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं, मामाच्या गावच्या जत्रेतलं भांडण, हे सगळं वाचनाचंच खातं आहे. यासाठी आईबापाला वाचता येण्याचीही गरज नाही. ज्या घरात कोणीच शाळेत गेलेलं नाही, पण रात्री गोष्टी होतात, त्या घराचं भांडवल टीव्हीसमोर मुकाट जेवणाऱ्या पदवीधर घरापेक्षा मोठं असतं.

"आज शाळेत काय झालं?" हा प्रश्न मात्र टाळा. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "काही नाही." त्याऐवजी "आज तुझ्या डब्यातलं कोणी खाल्लं?" विचारून बघा. त्यातून कोण कोणाशी बोलत नाही, कोण रडलं, बाई कशाला चिडल्या, सगळं बाहेर येतं. मूल सांगत असताना मध्ये दुरुस्ती करू नका.

दुरुस्तीवरून आठवलं. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारं मूल पुस्तकात 'पाणी' बघून 'पानी' वाचतं. ही वाचनाची चूक धरू नये. त्याने अक्षरं लावली, शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या जिभेने म्हटला. तिथे टोकलं की मुलाला एवढंच कळतं, की आपलं घर चुकीचं बोलतं. हळूहळू ते वर्गात तोंड उघडणं बंद करतं. पुस्तकी उच्चार सवयीने येईल, त्याची घाई नाही. भिली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यांच्यासाठी पुस्तकाची भाषा जवळजवळ परकीच असते. त्या घरांनी आपली भाषा सोडून मोडकी मराठी बोलण्यापेक्षा आपल्या भाषेतच भरपूर बोलावं. समज एका भाषेत वाढली की दुसरीत न्यायला सोपी जाते.

इंग्रजी माध्यमातल्या मराठी घरांनाही हेच लागू. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे अक्षरं आता शाळेत भेटतात. घरी मुलाशी तोडक्या इंग्रजीत "ईट फास्ट, गो स्लीप" करण्यापेक्षा भरघोस मराठीत बोललेलं त्याच्या इंग्रजीलाही उपयोगी पडतं.

रोजची दहा मिनिटं

वेळ ठरलेली असावी, जेवणानंतर किंवा झोपण्याआधी. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, तुमचाही. आधी तुम्ही पान वाचा, मग दोघं मिळून एका सुरात, मग मूल एकटं. अडलं तर जरा थांबा, त्याला प्रयत्न करू द्या. नाहीच आलं तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला. "काल तर आला होता ना!" हे वाक्य गिळा. "फोड करून वाच, क ला काना का" हे प्रत्येक शब्दाला चालू झालं की गोष्ट मरते.

पुस्तक जड आहे का, हे बघायची एक जुनी युक्ती आहे. पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आत्ता तुम्ही वाचून दाखवण्याचं, मुलाने स्वतः वाचण्याचं नव्हे. स्वतः वाचायचं पुस्तक सोपं हवं, चक्क इयत्तेच्या खालचंही चालेल. "दुसरीत जाऊन पहिलीचं पुस्तक काय वाचतोस" असं म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्या आणि विषय बदला.

वाचता न येणाऱ्या पालकांनी समोर बसून ऐकावं आणि "मग पुढे काय झालं? ती कशाला गेली तिथे?" असं विचारावं. मुलाला खरोखरच कोणाला तरी सांगायचं असतं, तेव्हा ते जास्त नीट वाचतं. किराण्याची यादी, औषधाच्या पट्टीवरची तारीख, लग्नपत्रिका, एसटीच्या पाट्या हेही वाचनच. एसटी स्टँडवर तर जोडाक्षरांची खाण असते: त्र्यंबकेश्वर, अक्कलकोट, गडहिंग्लज. गाडीची वाट बघण्यात अर्धा तास जातोच.

पुस्तकं कुठून आणायची? शाळेच्या कपाटात ती असतात, पुष्कळदा फाटू नयेत म्हणून कुलपात. पालकसभेत चार जणांनी मिळून घरी नेण्याची वही सुरू करा म्हटलं तर कुलूप निघतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीत चित्रगोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, फुकट, छापूनही घेता येतात. पाचगणीजवळच्या भिलारला, 2017 पासूनच्या पुस्तकांच्या गावात, सुट्टीत चक्कर मारता आली तर उत्तमच. 15 ऑक्टोबरला शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिनाचे फोटो निघतात तेही चांगलंच आहे. 16 ऑक्टोबरला ते पुस्तक मुलाच्या हातात आहे का, हे बघणारं कोणीतरी हवं.

आणि हे सगळं ज्या शरीरात व्हायचं त्याचं काय?

वाचनाचा विषय निघाला की आरोग्य वेगळ्या रकान्यात टाकलं जातं. पण "लक्षच नाही त्याचं" अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा कारण डोळा, कान, झोप किंवा पोट यांतलं एक असतं.

डोळ्यांचं बघा. अंधुक दिसणारं मूल तक्रार करत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांनाच असं दिसतं. ते फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, डोळे बारीक करतं, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसतं. लांबचं न दिसण्याचा नंबर वाढण्याचं एक कारण म्हणजे उन्हात, मोकळ्यावर कमी खेळणं. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नवा लघुदृष्टीदोष, म्हणजे हाच लांबचं न दिसण्याचा नंबर, सुमारे 30 टक्क्यांना आला, नेहमीच्या शाळांत जवळपास 40 टक्क्यांना. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे संध्याकाळी मुलाला मैदानातून ओढून आणून पुस्तकापुढे बसवणं हा उलटा व्यवहार आहे. जागतिक आरोग्य संघटनाही 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सांगते. आधी खेळ, मग पुस्तक, आणि पुस्तक डोळ्यांपासून निदान फूटभर लांब.

कान त्याहून लबाड. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं, कान दुखत नाही, पण ऐकू कमी येतं. मूल त-द, प-ब यांत गोंधळतं आणि आपण त्याला वेंधळं म्हणतो. दोनदा हाक मारावी लागते, टीव्हीचा आवाज मोठा लागतो, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. वाहत्या कानात कोमट तेल घालू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

झोपेचा हिशोब सरळ आहे. सहा ते बारा वयाच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. सकाळी सहाला उठायचं असेल तर रात्री नऊला झोप लागलेली हवी, नुसतं अंथरूण घातलेलं नव्हे. मुलांची झोप पुरी होत नाही, म्हणूनच महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. शाळेने वेळ उशिराची केली आणि घराने जेवण साडेदहावर नेलं, तर निर्णयाचा फायदा मालिकेला झाला, मुलाला नाही. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, म्हणून हा विषय वाचनाचाच आहे.

पोटाचं म्हणाल तर सकाळी चहा-चपाती किंवा चहा-खारी खाऊन निघालेलं मूल दहा वाजता जांभया देतं. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह शरीराला नीट घेऊ देत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांत रक्ताची कमतरता आढळली. तीच मुलं पुढे पहिलीत येतात. फिकट चेहरा, लवकर दम लागणं, चिडचिड, कशात मन न लागणं, याकडे स्वभाव म्हणून बघितलं जातं. चहा बंद करून मोड आलेली मटकी किंवा उसळ, वर लिंबू पिळून द्या. खात असाल तर अंडं. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे, म्हणजे ते एक जेवण झालं, बाकीचं घरचं. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी लोहाची आहे. ती "गरम पडते" म्हणून फेकायला सांगू नका, फक्त उपाशीपोटी घेऊ देऊ नका. जंताची चघळायची गोळीही वर्षातून ठरलेल्या दिवशी मिळते, त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर नंतर मागून घ्या.

एक दाताची गोष्ट, कारण ती कोणी सांगत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडली जाते. ती कायमची दाढ आहे. रात्री ब्रश करताना तिथे तुमचा हात पोचला पाहिजे. दाढ ठणकते तेव्हा कुठलंच पुस्तक वाचवत नाही.

या सगळ्याची तपासणी फुकट होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं. मूल घरी येऊन "डॉक्टर आले होते" एवढंच सांगतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन विचारा, पुढे दाखवायला सांगितलं आहे का, कुठे आणि कधी.

पोटात दुखतंय

शाळेच्या दिवशी सकाळीच दुखणारं आणि रविवारी न दुखणारं पोट खोटं नसतं. भीतीने खरंच पोट दुखतं. मूल वाचताना हसलं गेलं असेल, बाकावर उभं केलं असेल, गाडीत कोणी मोठं मूल त्रास देत असेल. ओरडून पाठवण्याआधी एक-दोन संध्याकाळी शांतपणे विचारा, तेही समोर बसवून नाही, भाजी निवडता निवडता. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने बंदी आहे. हे माहीत असलं की शाळेशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. प्रकरण गंभीर असेल तर 1098 या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते.

घरातही भीती तयार होते. पाहुण्यांपुढे "काकांना वाचून दाखव" म्हणणं हे कच्चं वाचणाऱ्या मुलासाठी परीक्षेपेक्षा वाईट. बहिणीशी तुलना त्याहून वाईट. वाचन आणि अपमान यांची एकदा सांगड बसली की मूल पुस्तकाला टाळायला फार हुशार कारणं शोधतं: तहान, शू, पेन्सिलचं टोक.

कधी थांबायचं नाही

पहिली-दुसरीत अक्षर उलटं निघणं, भ चा म होणं हे नेहमीचं आहे. तिसरीत आल्यावरही साधे शब्द लागत नाहीत, ऐकलेली गोष्ट पक्की समजते, तोंडी उत्तरं झकास येतात, पण पानापुढे मूल अडकतं, आणि डोळे-कान तपासून झालेत, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता पडताळावी लागते. गुणाकारातला एक आकडा मोठा आणि दुसरा शून्याला चिकटलेला, अशी ती स्थिती असते. बुद्धीशी तिचा संबंध नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती समाविष्ट आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. पक्कं निदान साधारण आठव्या वर्षानंतर होतं, पण जादा मदत त्याआधीच सुरू करता येते, त्यासाठी कागदाची वाट बघायची नाही.

तपासणीला जाताना मुलाच्या दोन वह्या न्या, एक पहिलीची आणि एक आत्ताची. घरी वाचताना कोणते शब्द अडले ते महिनाभर तारखेसह लिहून ठेवलं असेल तर तो कागदही न्या. कानाडोळ्याच्या तपासणीचे कागद सोबत असू द्या, नाहीतर आधी तिकडेच पाठवतील आणि पुन्हा तारीख घ्यावी लागेल.